पत्त्यांना नावे मिळावीत म्हणून

सॉफ्टवेअरच्या जगात दोन कामे अशी आहेत की त्यांचा स्वभाव मुळातच परस्परविरुद्ध आहे, आणि गेली काही वर्षे माझा बराचसा मोकळा वेळ ती दोन्ही एका जागी नांदवण्यात जातो. पहिले काम रिप्रोड्युसिबल बिल्डचे. एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, तो बांधण्याची साधने आणि बांधण्याच्या सूचना त्याच असतील, तर कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणत्याही यंत्रावर बांधले तरी हाती येणारी बायनरी, म्हणजे यंत्र थेट चालवू शकेल अशी फाइल, शेवटच्या बिटापर्यंत तीच निघाली पाहिजे, ही त्या कामाची एकमेव मागणी. दुसरे काम प्रोफायलरचे. चालू यंत्राचा वेळ नेमका कुठे खर्च होतो आहे ते प्रोफायलर दाखवतो, आणि त्याचे उत्तर दर वेळी थोडे वेगळे येते, कारण यंत्र दर वेळी थोडे वेगळे वागत असते. प्रोफायलरचे पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असा त्याचा संच, रिप्रोड्युसिबल पद्धतीने बांधायचे म्हटले की ही दोन्ही कामे एकाच फाइलीत समोरासमोर येतात.

परफ आणि सिसप्रॉफ हे लिनक्सवरचे दोन प्रोफायलर मी जवळून ओळखतो. परफ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्याच, सोर्स कोडमध्ये राहतो. २००९ साली कर्नलच्या २.६.३१ या आवृत्तीत तो दाखल झाला. सिसप्रॉफ हा ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पातला, आलेख आणि तक्ते दाखवणारा प्रोफायलर. सुरुवातीला त्याला स्वतःचे वेगळे कर्नल मॉड्यूल लागत असे. आता परफ ज्या सिस्टीम कॉलवर, म्हणजे कर्नलला काम सांगण्याच्या ज्या मार्गावर, उभा आहे त्याच्याच आधाराने तोही चालतो. दोघांची रीत एकच आहे. ठरावीक अंतराने प्रोसेसरला क्षणभर अडवायचे, त्या क्षणी तो कोणत्या पत्त्यावरची सूचना राबवत होता ते टिपायचे, आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावत गाडी इथवर आली ती साखळी स्टॅकवरून, म्हणजे अशा बोलावण्यांची नोंद जिथे राहते त्या स्मृतीच्या भागातून, वाचून घ्यायची. परफची मूळ मांडणी सेकंदाला ४००० नमुन्यांची असते. काही सेकंदांच्या नोंदीतच इतके नमुने गोळा होतात की त्यांची बेरीज-वर्गवारी केली की कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला याचा भरवशाचा अंदाज हाती येतो.

मात्र नमुना घेताना प्रोफायलरच्या हाती फक्त आकडे असतात. स्मृतीतला एक पत्ता, त्याला बोलावणाऱ्याचा पत्ता, त्यालाही बोलावणाऱ्याचा पत्ता. या पत्त्यांची फंक्शनची नावे आणि सोर्स कोडच्या ओळी कशा होणार, हे प्रोफायलरच्या स्वतःच्या कौशल्यावर फार थोडे अवलंबून असते. ज्या बायनरी तपासल्या जात आहेत त्या कशा बांधल्या, त्यांतली चिन्हे, म्हणजे फंक्शनच्या नावांची यादी, राखली की छाटून टाकली, प्रोफायलरला ती वाचणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडून दिल्या की नाही, अशा गोष्टींवर ते ठरते. म्हणजे पॅकेज बांधणाऱ्याने, वापरणारा येण्याच्या कितीतरी आधी, जे निर्णय घेतले असतील त्यांवर ते ठरते. मला या कामाची ओढ लागली ती इथेच. अपुरा बांधलेला टेक्स्ट एडिटर उघडतच नाही किंवा मध्येच बंद पडतो, त्यामुळे तक्रार लगेच येते. अपुरा बांधलेला प्रोफायलर व्यवस्थित उघडतो, नोंद करतो, आलेख काढतो, टक्केवारीची बेरीजही शंभर भरते. फक्त ज्या जागी उत्तर असायला हवे तिथे ‘अननोन’ असे लिहिलेले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारच्याच एखाद्या फंक्शनचे नाव असते. वापरणारा त्या नावावर विश्वास ठेवून पुढचे दोन दिवस चुकीच्या जागी शोध घेत बसतो. त्याला पॅकेजवर शंका घेण्याचे काही कारणच दिसत नाही.

रिप्रोड्युसिबल बिल्डची चळवळ आजच्या रूपात उभी राहिली ती २०१३पासून डेबियन या लिनक्स वितरणात (कर्नल आणि पॅकेजे एकत्र देणाऱ्या संचात) झालेल्या कामामुळे. बायनरीत बांधणीची वेळ शिरू नये म्हणून ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिले जाणारे मूल्य) २०१५मध्ये ठरवला गेला: बांधणाऱ्या साधनाला तारीख हवीच असेल तर त्याने घड्याळाकडे न बघता या व्हेरिएबलमधली तारीख घ्यावी. निक्स आणि गीक्स या पॅकेजे सांभाळणाऱ्या प्रणालींनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. तिथे प्रत्येक पॅकेज एका बंद खोलीत बांधले जाते. खोलीत नेटवर्क नसते, वापरणाऱ्याचे घरचे फोल्डर नसते, जाहीर केलेल्या लायब्ररींखेरीज दुसरे काहीही दिसत नाही. तयार झालेल्या फाइलींवर १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या सेकंदाची वेळ घातली जाते. आणि ज्या जागी ते पॅकेज ठेवले जाते त्या जागेच्या नावातच ३२ अक्षरांचा एक हॅश असतो, जो सोर्स, कंपायलर (सोर्सची बायनरी करणारा प्रोग्रॅम), सूचना आणि प्रत्येक अवलंबित पॅकेज या सगळ्यांवरून काढलेला असतो. एका अवलंबित लायब्ररीचा एक फ्लॅग, म्हणजे बांधणीचा एक पर्याय, बदलला तरी हा हॅश बदलतो आणि पॅकेजचा पत्ताही बदलतो. ही शिस्त कडक आहे, आणि मला ती मनापासून आवडते, कारण ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ या वाक्याला ती जागाच ठेवत नाही.

तरीही बंद खोलीत बांधले म्हणून बायनरी आपोआप एकसारखी निघत नाही, याचे परफ हे चांगले उदाहरण आहे. प्रत्येक प्रोसेसर स्वतःचे शेकडो प्रसंग मोजू शकतो: कॅश चुकली, शाखेचा अंदाज फसला, स्मृतीची वाट बघावी लागली. या प्रसंगांची नावे आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक कर्नलच्या सोर्समध्ये जेसन या साध्या मजकूर-स्वरूपाच्या फाइलींत, प्रोसेसरच्या घराण्यांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलेले आहेत. परफ बांधताना एक छोटा प्रोग्रॅम त्या सगळ्या फाइली वाचतो, त्यांतून सी भाषेतले मोठे तक्ते तयार करतो, आणि ते तक्ते परफच्या बायनरीत जातात. जुन्या आवृत्त्यांत हा छोटा प्रोग्रॅम फोल्डरांतल्या फाइली फाइलसिस्टीम ज्या क्रमाने देईल त्याच क्रमाने वाचत असे. फाइलसिस्टीम फाइलींची नावे अकारविल्हे देण्याचे वचन कधीच देत नाही. फाइली कोणत्या क्रमाने लिहिल्या गेल्या, डिस्कवर त्यांची मांडणी कशी झाली, यावर तो क्रम ठरतो. परिणामी दोन यंत्रांवर बांधलेल्या परफमध्ये तक्ते तेच, नोंदी त्याच, पण त्यांचा क्रम वेगळा, आणि म्हणून बायनरी वेगळी. वापरणाऱ्याला याचा काडीचाही फरक पडत नव्हता.

असा फरक शोधायला डिफोस्कोप नावाचे साधन वापरतात. दोन फाइली दिल्या की ते त्यांच्या आत शिरते. संग्रह असेल तर उलगडते, बायनरी असेल तर तिचे विभाग वेगळे करते, सूचना मानवी वाचनाच्या रूपात आणते, आणि मग फरक कुठे आहे ते दाखवते. क्रमाचा घोटाळा असला की ते चित्र चटकन ओळखू येते. डावीकडच्या बाजूला एका प्रोसेसर-घराण्याच्या नावांचा सलग पट्टा लाल दिसतो, उजवीकडे तोच पट्टा शंभर ओळी खाली हिरवा दिसतो, आणि मधल्या प्रत्येक पत्त्यात तेवढ्याच अंतराचा फरक पडलेला असतो. मूळ कारण एक असते, पण फरक हजारो ठिकाणी उमटलेला असतो. अशा वेळी हजार ठिकाणच्या फरकांकडे न पाहता सर्वांत वरचा, सर्वांत पहिला वेगळा बाइट गाठायचा आणि तिथून उलटे चालत जाऊन तो कोणी लिहिला ते विचारायचे, हीच पद्धत मला नेहमी उपयोगी पडली आहे. परफच्या बाबतीत उपाय साधा होता: वाचण्याआधी फाइलींची नावे क्रमाने लावायची. तशी दुरुस्ती पुढे मूळ प्रकल्पातच झाली, आणि तेच योग्य आहे. अशी दुरुस्ती एका वितरणाच्या पॅचमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या बदलात, राहिली तर बाकीच्या सगळ्यांना तीच वाट पुन्हा तुडवावी लागते.

परफचा दुसरा गुण मला अधिक काळजीत टाकतो. बांधणी सुरू झाली की परफ आधी आजूबाजूला काय काय आहे ते चाचपून पाहतो, आणि पडद्यावर एक यादी छापतो: बायनरी वाचणारी लायब्ररी, डीबग माहिती (कोणता पत्ता सोर्सच्या कोणत्या ओळीचा, ही नोंद) वाचणारी लायब्ररी, स्टॅक उलगडणारी लायब्ररी, पायथन, पर्ल, पडद्यावरच्या रंगीत मांडणीसाठी लागणारे एस-लँग, कॉम्प्रेशनसाठी लागणारे झेडस्टँडर्ड. प्रत्येक नावासमोर कंसात ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’. यांपैकी बऱ्याच गोष्टी सापडल्या नाहीत तरी बांधणी थांबत नाही. त्या सोयी वगळून परफ तयार होतो, चाचण्या पार होतात, पॅकेज प्रकाशित होते. साध्या यंत्रावर स्वतःसाठी बांधणाऱ्याला ही उदारता सोयीची आहे, कारण त्याला जेवढे हवे तेवढे मिळते. पण बंद खोलीत ज्या लायब्ररीचे नाव मी लिहिले नाही ती असणारच नाही, आणि मूळ प्रकल्पाने एखादी लायब्ररी स्वतःच्या सोर्सच्या झाडातून बाहेर काढून वेगळी केली, तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी माझ्या पॅकेजमधून एक सोय गुपचूप गळून पडेल. लिबट्रेसइव्हेंटच्या बाबतीत नेमके असेच घडले: जी लायब्ररी पूर्वी कर्नलच्या झाडातच मिळत असे ती स्वतंत्र प्रकल्प झाली, आणि पॅकेज सांभाळणाऱ्यांना ती वेगळी जोडून द्यावी लागली.

इथे रिप्रोड्युसिबल बिल्डची मर्यादाही स्पष्ट दिसते. एक सोय गळालेला परफ दहा यंत्रांवर दहा वेळा बांधला तरी तो बिटाबिटाने तोच निघेल. तंतोतंत तीच चूक सर्वांना मिळेल. म्हणून ती यादी डोळ्यांनी वाचण्यावर मी भर देतो, आणि जमेल तिथे प्रत्येक सोय ‘हवी’ किंवा ‘नको’ असे बांधणीच्या सूचनांत उघड लिहून टाकतो. नको असलेलीही लिहितो, कारण ती का नको याचे कारण तिथेच एका ओळीत मांडता येते आणि पुढे पॅकेज हाती घेणाऱ्याला ते वाचता येते. त्याच हेतूने, परफ चालताना ज्या बाहेरच्या साधनांना हाक मारतो, म्हणजे सूचना उलगडून दाखवणारे ऑब्जडंप किंवा पाने पुढे सरकवणारे लेस, त्यांचे पूर्ण पत्ते मी बांधतानाच पक्के करून ठेवतो. नाहीतर ती साधने वापरणाऱ्याच्या यंत्रावर असली तर मिळतील, नसली तर नाही, आणि असली तरी कोणत्या आवृत्तीची मिळतील याचा नेम नाही.

सिसप्रॉफची गुंतागुंत वेगळ्या जातीची आहे. सिसप्रॉफची खिडकी जीटीके या खिडक्या रेखाटणाऱ्या लायब्ररीवर उभी आहे, जीटीके जीलिब या तळाच्या लायब्ररीवर. आणि जीलिबला स्वतःच्या आतल्या घडामोडी सिसप्रॉफच्या नोंदीत लिहिता याव्यात म्हणून सिसप्रॉफची एक छोटी लायब्ररी लागते. म्हणजे सिसप्रॉफ बांधायला जीलिब हवी आणि जीलिब बांधायला सिसप्रॉफ हवा. ज्या वितरणांत आधीच बांधलेल्या बायनरी यंत्रावर पडून असतात तिथे हे वर्तुळ डोळ्यांआड राहू शकते. कालची जीलिब वापरून आजचा सिसप्रॉफ बांधायचा, त्यावरून आजची जीलिब बांधायची. निक्स आणि गीक्समध्ये हे अशक्य आहे. तिथे प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यातला हॅश त्याच्या अवलंबितांच्या हॅशवरून काढलेला असल्यामुळे, वर्तुळ झाले तर पहिला हॅश काढायला सुरुवातच करता येत नाही.

सुदैवाने सिसप्रॉफच्या लेखकांनी ती छोटी लायब्ररी विचारपूर्वक वेगळी ठेवली आहे. नोंद लिहिण्यापुरते तिचे काम. तिला जीलिबची गरज नाही. त्यामुळे एकाच सोर्समधून दोन पॅकेजे बांधायची: आधी खिडकी, साधने, पार्श्वभूमीवर चालणारी सेवा, चाचण्या असे सगळे बंद करून फक्त ती लायब्ररी, मग तिच्यावर जीलिब, जीटीके आणि बाकीचा डोलारा, आणि सर्वांत शेवटी त्या डोलाऱ्यावर पूर्ण सिसप्रॉफ. निक्सच्या संग्रहात हे अगदी असेच मांडलेले आहे. या रचनेतली एक किंमत मात्र लक्षात ठेवावी लागते. ती छोटी लायब्ररी जीलिबच्याही खाली, म्हणजे जवळजवळ तळाशी असल्यामुळे, सिसप्रॉफची आवृत्ती बदलली आणि तिचा सोर्स बदलला की वरचे हजारो पॅकेजेस नव्याने बांधावे लागतात. खिडकीतले एक बटण सरकवणाऱ्या आवृत्तीसाठी सबंध डेस्कटॉप पुन्हा बांधणे रास्त नाही, म्हणून दोन्ही पॅकेजांच्या आवृत्त्या काही काळ वेगळ्या ठेवायला माझी हरकत नसते, फक्त नोंदीच्या फाइलीचे स्वरूप दोघांना समजले पाहिजे.

आता नावांकडे येतो. कंपायलर जी डीबग माहिती तयार करतो ती पुष्कळदा मूळ बायनरीहून कितीतरी मोठी असते, म्हणून बहुतेक वितरणे ती छाटून वेगळ्या फाइलीत ठेवतात. बायनरी आणि तिची वेगळी काढलेली माहिती पुन्हा एकत्र यावीत यासाठी लिंकर (बांधलेले तुकडे जोडून बायनरी करणारा प्रोग्रॅम) बायनरीत एक खूण ठेवतो, तिला बिल्ड आयडी म्हणतात. ती बहुधा २० बाइटांची असते आणि बायनरीतल्या मजकुरावरूनच काढलेली असते. प्रोफायलर नोंद करताना ही खूण टिपून ठेवतो, आणि नंतर नावे शोधताना तिच्या षोडशमान रूपातल्या पहिल्या दोन अंकांच्या नावाचे फोल्डर, आणि उरलेल्या ३८ अंकांच्या नावाची फाइल, अशी डीबग माहिती उघडतो. खूण जुळली तर नावे खरी. खूण जुळली नाही तर नावे न देणेच प्रामाणिकपणाचे.

बिल्ड आयडी मजकुरावरून काढलेली असते, या एका गोष्टीमुळे रिप्रोड्युसिबल बिल्ड आणि प्रोफायलर यांचे नाते माझ्या दृष्टीने पार बदलले. समजा एखाद्या दूरच्या यंत्रावर सहा महिन्यांपूर्वी घेतलेली नोंद माझ्याकडे आली, आणि त्या बायनरीची डीबग माहिती कोणीच जपून ठेवलेली नाही. बांधणी दर वेळी वेगळी निघत असेल तर ती नोंद म्हणजे नुसत्या पत्त्यांचा ढीग. तोच सोर्स पुन्हा बांधला तरी फंक्शन दुसऱ्याच पत्त्यांवर जाऊन बसतील. बांधणी तंतोतंत तीच निघत असेल तर मी त्या वेळची पॅकेजांची स्थिती पुन्हा उभी करून, गीक्समध्ये त्यासाठी टाइम मशीन नावाची सोयच आहे, तीच बायनरी आणि तिची तीच डीबग माहिती नव्याने तयार करू शकतो, आणि त्या जुन्या पत्त्यांना आज नावे देऊ शकतो. मोजमाप पुन्हा करता येत नाही. तो क्षण, ते यंत्र, तो भार गेलेला असतो. पण मोजलेल्या वस्तूची हुबेहूब प्रत पुन्हा घडवता आली तर जुने मोजमाप वाचता येते.

यात एक बारकावा आहे, आणि तो प्रत्येक पॅकेज बांधणाऱ्याने मनात ठेवावा असे मला कळकळीने वाटते. ‘लागेल तेव्हा डीबग माहितीचा विभाग चालू करू’ असे निक्स आणि गीक्समध्ये चालत नाही. तो विभाग चालू करणे म्हणजे बांधणीच्या सूचना बदलणे. सूचना बदलल्या की पत्त्यातला हॅश बदलतो. आणि बहुतेक बायनरींमध्ये त्यांचा स्वतःचाच पत्ता, भाषांतरांच्या फाइली किंवा लायब्ररी शोधण्याची जागा म्हणून, कुठेतरी लिहिलेला असतो. म्हणजे मजकूर बदलतो आणि बिल्ड आयडीही बदलते. नंतर तयार केलेली डीबग माहिती आधी घेतलेल्या नोंदीला लागू पडत नाही. जी माहिती पुढे कधीतरी लागणार आहे तिची तरतूद पहिल्या दिवशी करावी लागते. सी लायब्ररी, जीलिब, जीटीके, पायथनचा इंटरप्रिटर, अशा जवळजवळ प्रत्येक नोंदीत दिसणाऱ्या पॅकेजांना डीबगचा वेगळा विभाग सुरुवातीपासून असलाच पाहिजे, डिस्कवर जागा लागली तरी चालेल, या मताचा मी आहे.

गीक्समध्ये आणखी एक वळण येते. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती आली की सगळे पॅकेजेस नव्याने बांधण्याऐवजी बायनरींत लिहिलेला जुन्या लायब्ररीचा पत्ता काढून तेवढ्याच लांबीचा नव्या लायब्ररीचा पत्ता घातला जातो. या क्रियेला ग्राफ्ट म्हणतात. डीबगच्या फाइलींतही पत्ते असतातच, तेही बदलतात, आणि मग बायनरीत त्या फाइलीची जी ३२ बिटांची तपासणी-बेरीज नोंदवलेली असते ती जुळेनाशी होते. गीक्स ग्राफ्ट करताना ही बेरीज पुन्हा काढून बायनरीत दुरुस्त करतो. इतक्या आडबाजूच्या ठिकाणी कोणीतरी हा विचार करून ठेवला आहे, हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आले त्या दिवशी मला त्या अनोळखी सहकाऱ्यांविषयी खरी कृतज्ञता वाटली.

नावे मिळाली तरी साखळी मिळतेच असे नाही. फंक्शनला बोलावणारा कोण, हे कळायला सर्वांत स्वस्त मार्ग फ्रेम पॉइंटरचा. प्रोसेसरचे एक रजिस्टर (त्याच्या आतली छोटी साठवणीची जागा) चालू फंक्शनच्या स्टॅकवरच्या चौकटीकडे बोट दाखवत ठेवायचे, आणि प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीचा पत्ता असल्यामुळे एकेक पायरी चढत वर जायचे. पण जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशन (वेगासाठीची सुधारणा) चालू करताच ते रजिस्टर इतर कामाला मोकळे करतो. चौसष्ट बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर सर्वसाधारण कामाची १६ रजिस्टरे असतात, त्यांतले एक वाचते. साखळी मात्र तुटते. मग परफला प्रत्येक नमुन्याबरोबर स्टॅकचा मोठा तुकडा, मूळ मांडणीत ८१९२ बाइट, उचलून ठेवावा लागतो आणि डीबग माहितीच्या आधाराने साखळी नंतर जुळवावी लागते. नोंदीची फाइल फुगते, मोजण्याचाच भार यंत्रावर पडतो, आणि खोल साखळ्या तरीही मध्येच संपतात.

यावर वितरणांमध्ये बराच वाद झाला. फेडोराने बऱ्याच चर्चेनंतर ३८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३मध्ये, पॅकेजेस मूळ मांडणीत फ्रेम पॉइंटर राखून बांधायला सुरुवात केली, उबुंटूने २४.०४मध्ये चौसष्ट बिटांच्या यंत्रांसाठी तेच केले. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: बहुतेक प्रोग्रॅमना वेगाची एक-दोन टक्के झळ बसते, आणि पायथन इंटरप्रिटरच्या काही चाचण्यांत ती त्याहून पुष्कळ जास्त होती. तरी माझे मत फ्रेम पॉइंटर राखण्याच्या बाजूचे आहे. यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमची संपूर्ण साखळी कोणालाही, केव्हाही, काही नव्याने न बांधता पाहता आली, तर ते एक-दोन टक्के कुठेतरी अनेक पटींनी वसूल होतात, कारण वेग गिळणारी ठिकाणे बहुधा कोणी पाहिलेलीच नसतात. रिप्रोड्युसिबल वितरणात मात्र हा निर्णय अर्धवट घेता येत नाही. एका पॅकेजला फ्रेम पॉइंटर दिला आणि त्याच्या खालच्या सी लायब्ररीला दिला नाही, तर साखळी त्या लायब्ररीत पोहोचली की अडखळते. तळापासून द्यायचा म्हटले तर सगळे हॅश बदलतात आणि सगळे जग नव्याने बांधावे लागते. म्हणून हा निर्णय पॅकेज सांभाळणाऱ्या एकट्यादुकट्याचा नसतो, सगळ्यांनी मिळून एकदाच घ्यायचा असतो, आणि तो होईपर्यंत आपल्या गरजेपुरते पॅकेजांचे एक समांतर झाड वेगळ्या फ्लॅगने बांधून घेणे एवढाच मार्ग उरतो.

परवानग्यांचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सामान्य वापरणाऱ्याला कर्नलच्या आत डोकावू देणे धोक्याचे असल्यामुळे कर्नल मूळ मांडणीत त्याला मज्जाव करतो, २०२०मधल्या ५.८ आवृत्तीपासून केवळ मोजमापासाठी वेगळी परवानगी देण्याची सोय झाली आहे. सिसप्रॉफ यासाठी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालणारी एक सेवा ठेवतो, आणि खिडकी तिच्याकडे पोलकिट या परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेमार्फत रीतसर परवानगी मागते. पॅकेजांच्या साठ्यात विशेष अधिकाराच्या फाइली ठेवता येत नाहीत, त्यामुळे ही सेवा पॅकेज बसवल्याने आपोआप सुरू होत नाही. ती सिस्टीमच्या मांडणीत वेगळी जाहीर करावी लागते. हेच बंधन बांधणीच्या खोलीतही जाणवते: प्रत्यक्ष नमुने घेऊन पाहणाऱ्या चाचण्यांना तिथे तशी परवानगी मिळण्याचा भरवसा नसतो. अशा वेळी सगळ्याच चाचण्या बंद करून मोकळे होण्याचा मोह मला पटत नाही. ज्या चाचण्यांना खरोखर कर्नलची परवानगी लागते तेवढ्याच नावानिशी वगळाव्यात आणि बाकीच्या चालू द्याव्यात.

प्रोफायलरची नोंदच बांधणीचा कच्चा माल होते तेव्हा दोन स्वभावांचा सामना सर्वांत तीव्र होतो. जीसीसी, फायरफॉक्स, पायथन अशा मोठ्या प्रकल्पांत प्रोग्रॅम एकदा बांधायचा, त्याला नमुन्याचे काम देऊन कोणता मार्ग किती वेळा वापरला जातो ते मोजायचे, आणि त्या आकड्यांच्या आधाराने तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा अधिक वेगवान बांधायचा, अशी पद्धत आहे. वेग खरोखरच वाढतो. पण ते आकडे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांच्या (थ्रेडच्या) घडीघडीच्या वेळापत्रकावर अवलंबून असू शकतात, आणि आकड्यांत एकाचा फरक पडला तरी कंपायलर एखादे फंक्शन इकडचे तिकडे करू शकतो. निक्सच्या संग्रहात पायथनच्या बाबतीत ही वेगवाढ मूळ मांडणीत बंद ठेवून रिप्रोड्युसिबल बिल्ड राखले आहे. जीसीसीमध्ये १०व्या आवृत्तीपासून असा फ्लॅग आहे की एका धावेतून दुसऱ्या धावेत बदलू शकणारी माहिती कंपायलर विचारात घेत नाही. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक सरळ वाटतो: मोजमाप एकदाच, काळजीपूर्वक करावे, त्याची फाइल सोर्सचाच भाग म्हणून हॅशसकट जपावी, आणि प्रत्येक बांधणीने तीच फाइल वापरावी. असे केले की मोजमाप बांधणीच्या बाहेर पडते, आणि ती फाइल कधी, कोणत्या कामावर घेतली हे कोणालाही तपासता येते. सोर्स पुढे सरकतो तशी ती फाइल शिळी होत जाते, हे खरे आहे. तिची मुदत ठरवून ती ताजी करणे हे कोणाचे तरी नेमलेले काम असावे लागते.

इतके करूनही दोन यंत्रांवरची तीच बायनरी सारख्याच वेगाने धावेल असे नाही. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांचा एकूण आकार बदलला, किंवा लिंकरला फाइली वेगळ्या क्रमाने दिल्या, एवढ्यानेही मोजलेला वेग बदलतो, आणि एखाद्या ऑप्टिमायझेशनचा फायदा झाला की तोटा, हा निष्कर्षसुद्धा त्यामुळे उलटा पडू शकतो. व्हेरिएबलांचा आकार वाढला की स्टॅकची सुरुवात सरकते. फाइलींचा क्रम बदलला की कोडची स्मृतीतली मांडणी बदलते. यांतला दुसरा घटक रिप्रोड्युसिबल बिल्ड कायमचा मिटवते, कारण लिंकरला फाइली दर वेळी त्याच क्रमाने जातात. पहिला घटक मिटत नाही, पण निदान तो एकटा वेगळा काढून तपासता येतो. दोन नोंदींत फरक दिसला आणि बायनरी बिटाबिटाने तीच आहे हे माहीत असले, तर कारण बायनरीच्या बाहेरच शोधायचे आहे हे पहिल्याच क्षणी ठरते.

परफ किंवा सिसप्रॉफची नवी आवृत्ती आली की माझा क्रम आता पक्का झाला आहे. आधी पॅकेज बांधायचे, मग त्याच सूचनांनी पुन्हा बांधून दोन्ही निकाल ताडून पाहायचे, आणि मग दुसऱ्या यंत्रांवर बांधलेल्या प्रतीशी हॅश जुळतो का ते तपासायचे. सोयींची यादी जुन्या आवृत्तीच्या यादीशेजारी ठेवून ओळीने वाचायची. शेवटी एक लहानसा, साखळी आधीच माहीत असलेला प्रोग्रॅम चालवून त्याची नोंद घ्यायची आणि पाहायचे: तळापासून टोकापर्यंत प्रत्येक पायरीला नाव आहे का, सी लायब्ररीतून जाताना साखळी तुटते का, कर्नलच्या भागातली नावे दिसतात का. बिल्ड यशस्वी झाले, चाचण्या पार पडल्या, हॅशही जुळले, पण या नोंदीत एखादी पायरी नावाशिवाय दिसली, तर मी ते पॅकेज पुढे पाठवत नाही. डीबग माहितीशिवाय आणि रजिस्टर न अडवता साखळी उलगडण्यासाठी एसफ्रेम नावाचे नवे स्वरूप बायन्युटिल्स या लिंकर वगैरे साधनांच्या संचात २०२३पासून आले आहे, त्याच्यासाठी कर्नल, कंपायलर आणि सी लायब्ररी या तिघांनीही साथ द्यावी लागेल. ती मिळाली की तळापासून सगळे पुन्हा एकदा बांधायचे आहे, आणि त्या कामाची तयारी म्हणून तळाच्या पॅकेजांची बांधणी आत्तापासून तंतोतंत एकसारखी निघते आहे ना, याची तपासणी मी सध्या एकेक करून पुढे नेतो आहे.